चित्रे पुसून वाचणारे

एखादे पुस्तक न वाचता त्याविषयी मत देणे ही साहित्यव्यवहारातली नवी गोष्ट नव्हे. पण असे मत आयांना बालसंगोपनाचा सल्ला म्हणून दिले जावे, आणि ते देणारा माणूस त्या काळातला नामांकित बालमानसतज्ज्ञ असावा, हे तसे विरळाच. मार्च १९६९ च्या ‘लेडीज होम जर्नल’ या अमेरिकी मासिकातल्या आपल्या सदरात ब्रूनो बेटलहाइम यांनी मॉरिस सेंडॅकच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपुस्तकाचा समाचार घेतला. पुस्तक त्यांनी पाहिलेले नव्हते. काही आयांनी त्यांना गोष्ट सांगितली आणि तेवढ्यावरून त्यांनी निदान केले. टाकून दिले जाण्याची भीती ही मुलाची मूळ भीती आहे. त्याला उपाशीपोटी झोपायला धाडणे, तेही अन्न आणि आधार देणाऱ्या आईनेच, ही त्या भीतीची परिसीमा आहे. आणि हे लेखकाला कळलेले नाही, असा त्या निदानाचा मथितार्थ.

बेटलहाइम यांना झोडपणे आज फार सोपे झाले आहे. स्वमग्नतेचे खापर आईच्या भावनाशून्यतेवर फोडणारा त्यांचा सिद्धान्त केव्हाच मोडीत निघाला, आणि १९९० मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कामाविषयी आणि वागण्याविषयी जे बाहेर आले त्याने त्यांच्या कीर्तीचे फारसे काही उरू दिले नाही. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो त्यांच्या वाचनपद्धतीत, कारण ती पद्धत त्यांच्याबरोबर गेली नाही. बालसाहित्यावरच्या आपल्याकडच्या चर्चासत्रांत, परीक्षणांत आणि (जिथे बालसाहित्य अभ्यासाला असते तिथल्या) वर्गांत ती सुखाने नांदते आहे. आधी कथासार काढायचे, कथासारावरून आशय ठरवायचा, आशयावरून संस्कार ठरवायचा, आणि लेखाच्या तळाशी, जागा उरलीच तर, एक वाक्य टाकायचे: चित्रे आकर्षक असून छपाई सुबक आहे. बेटलहाइम यांनी निदान हे शेवटचे वाक्य तरी लिहिले नाही. त्या बाबतीत ते आपल्या परीक्षणकारांपेक्षा प्रामाणिक म्हणायला हवेत.

सेंडॅकचा जन्म १० जून १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू; वडील कपडे शिवण्याच्या धंद्यात. मुलगा सतत आजारी, त्यामुळे खिडकीशी बसून रस्त्यावरची मुले पाहणे आणि त्यांची चित्रे काढणे हा त्याचा बालपणीचा उद्योग. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण म्हणावे तर संध्याकाळचे काही वर्ग, एवढेच. खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात दर्शनी काचेमागची सजावट करण्याची नोकरी तो करत होता. तिथूनच हार्पर या प्रकाशनसंस्थेच्या बालविभागाच्या संपादिका अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्यापर्यंत त्याची चित्रे पोचली. १९५१ पासून त्याने दुसऱ्यांच्या पुस्तकांना चित्रे काढायला सुरुवात केली. १९५२ मधले रूथ क्राउस यांचे ‘अ होल इज टू डिग’ हे त्यांतले नाव मिळवून देणारे पुस्तक. पुढची दहा वर्षे त्याने डझनावारी अशी कामे केली. हा काळ उमेदवारीचा मानण्याची पद्धत आहे, पण त्याच काळात त्याने एक गोष्ट पक्की ओळखली असावी. शब्द जे सांगतात तेच चित्राने पुन्हा सांगितले, तर दोहोंपैकी एक फुकट जाते.

१९६३ चे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या ओळखीवर उभे आहे. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. लांडग्याचा पोशाख घातलेला मॅक्स घरात उच्छाद मांडतो, आई त्याला उपाशी झोपायला पाठवते, खोलीत रान उगवते, तो नावेतून रानटी प्राण्यांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो, धिंगाणा घालतो, एकटा पडतो आणि घरी परततो; जेवण त्याची वाट पाहत असते. संपूर्ण पुस्तकात साडेतीनशेहून कमी शब्द आहेत. बेटलहाइम यांना आयांनी जे सांगितले ते याहून फार वेगळे नसणार. आता पुस्तक उघडावे.

पहिले चित्र लहान आहे. उजव्या पानाच्या मधोमध एक चौकोन आणि त्याभोवती पांढऱ्या कागदाची रुंद पट्टी. मॅक्स भिंतीत खिळा ठोकतो आहे. पुढच्या चित्रात तो काटा घेऊन कुत्र्याच्या मागे धावतो. चित्र किंचित मोठे झाले आहे. याच चित्रात जिन्याजवळच्या भिंतीवर एक कागद टाचलेला दिसतो. त्यावर एका विचित्र प्राण्याचे तोंड रेखाटलेले आहे आणि खाली मॅक्सची सही आहे. शब्दांत याचा उल्लेखही नाही. म्हणजे ते रानटी प्राणी कुठून येणार हे चित्राने प्रवासाच्या कितीतरी आधी सांगून ठेवले आहे. ते बाहेरून येणारे नाहीत. मुलाने ते आधीच स्वतःच्या हाताने काढलेले आहेत. पुस्तक मुलांना घाबरवते असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हा कागद पाहिला होता, हे विचारायला हवे. माझा अनुभव असा, की मोठी माणसे तो पाहत नाहीत आणि चार वर्षांची मुले त्यावर बोट ठेवतात.

मग खोली. पान उलटावे तशी पांढरी पट्टी अरुंद होत जाते. पलंगाचे खांब झाडे होतात, भिंती विरघळतात, आणि रान पुरते उगवते तेव्हा चित्राने उजवे पान कडेपर्यंत व्यापलेले असते. नाव निघते तेव्हा चित्र मधली शिवण ओलांडून डाव्या पानात शिरते. बेटावर पोचेपर्यंत ते दोन्ही पानांवर पसरते आणि शब्दांना तळाशी एक पट्टी तेवढी उरते. शेवटी मॅक्स धिंगाण्याचा हुकूम सोडतो आणि सलग तीन जोडपानांवर एकही शब्द येत नाही. चंद्राखाली नाच, फांद्यांना लोंबकळणे, प्राण्याच्या खांद्यावर बसून मिरवणूक. मुलाचा राग ज्या क्षणी भाषेच्या पलीकडे जातो त्या क्षणी पुस्तकातून भाषाच निघून जाते. हे वर्णन नव्हे, ही घटना आहे, आणि ती कथासारात येऊच शकत नाही. कथासारात तिच्या वाट्याला ‘धिंगाणा घालतो’ एवढे दोन शब्द येतात. मी वर नेमके तेच केले आहे.

परतीच्या वाटेवर चित्र आवरते घेते. पण इथे सेंडॅकने केलेली निवड बारकाईने पाहावी. सममितीचा हव्यास असलेल्या कलावंताने शेवटचे चित्र पहिल्याइतके लहान केले असते. शेवटच्या चित्रात मॅक्स खोलीत आहे, टोपडे मागे सरकून त्याचे केस दिसताहेत, टेबलावर जेवण मांडलेले आहे, आणि चित्राने उजवे पान पूर्ण भरलेले आहे. रानाने मिळवून दिलेली जागा खोलीने परत केलेली नाही. निघताना खिडकीत कोर होती, आता तिथे पूर्ण चंद्र आहे. शब्द सांगतात की तो रात्रीच्या रात्री परतला. चंद्र वेगळा हिशेब सांगतो. दोन्ही खरे आहे. त्यानंतर पान उलटले की चित्र नाहीच. कोऱ्या पानावर जेवण अजून गरम असल्याचे सांगणारे थोडेसे शब्द. त्या जागी ‘गरम’ऐवजी ‘कोमट’ म्हणावे, गरम जेवणाने मुलाचे तोंड भाजेल, असे प्रकाशनसंस्थेत सुचवले गेले होते आणि त्यावरून मोठी लढाई झाली, असे सेंडॅक पुढे सांगत असे. तो हटला नाही, हे बरे झाले.

आई या पुस्तकात एकदाही दिसत नाही. तिचा आवाज शब्दांत आहे आणि तिचे प्रेम टेबलावरच्या चित्रात. भामहाने शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वाला काव्य म्हटले, आणि ‘साहित्य’ हा आपला शब्द त्याच सहितत्वातून घडला. चित्रपुस्तकात हे सहितत्व शब्द आणि चित्र यांचे असते, आणि ध्वनी उमटतो तो दोहोंमधल्या फटीत. आनंदवर्धन शिकवणाऱ्या प्राध्यापकाला हे समजायला जड जाऊ नये. जड जाते, कारण तो पुस्तक शब्दांपासून शब्दांपर्यंतच वाचतो. टाकून दिले गेल्याची भीती सेंडॅकला कळली नाही म्हणणाऱ्या बेटलहाइम यांना उत्तर त्या न दिसणाऱ्या आईने मांडून ठेवलेल्या जेवणात आहे, आणि ते पाहायला मानसशास्त्राची गरज नाही, पुस्तक हातात घेण्याची आहे.

खरी गंमत पुढे आहे. सात वर्षांनी, १९७६ मध्ये, याच बेटलहाइम यांनी ‘द यूझेस ऑफ एन्चांटमेंट’ हा परीकथांवरचा ग्रंथ लिहिला. क्रूर परीकथा मुलांपासून लपवू नयेत, त्यांतल्या राक्षसांच्या आणि चेटकिणींच्या आधारे मूल आपल्या आतल्या भीतीला सामोरे जाते, असे त्यात प्रतिपादन आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतले कॅल्डेकॉट पदक स्वीकारताना सेंडॅकने जे म्हटले होते त्याच्याशी हे अगदी जुळते. मुले भीतीसह जगतातच, आणि कल्पनाविश्व हे त्यांचे तिच्यावर ताबा मिळवण्याचे साधन असते, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मग दोघांमध्ये अंतर कुठे पडले? चित्रांपाशी. त्याच ग्रंथात बेटलहाइम म्हणतात की सचित्र पुस्तके मुलाच्या कल्पनेला तिच्या स्वाभाविक वाटेवरून दूर नेतात. तेव्हा १९६९ मधले पुस्तक न पाहणे हा केवळ आळस नव्हता. चित्रे पाहण्याची गरजच नाही, किंबहुना ती नसलेलीच बरी, असा त्यामागे विचार होता.

चित्र कल्पनेला मारते, हा आक्षेप आपल्या शिक्षकांचाही आवडता आहे, म्हणून त्याची दखल घ्यायला हवी. आजीने सांगितलेल्या गोष्टीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण ते सेंडॅकला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. १९७३ मध्ये ग्रिम बंधूंच्या सत्तावीस कथांचा ‘द जुनिपर ट्री’ हा द्विखंड संग्रह त्याच्या चित्रांसह आला. त्यात त्याने एकेका कथेला एकेकच चित्र काढले, तेही लहान, गर्द आणि प्रसंगाच्या ऐन टोकाच्या जरा अलीकडे थांबलेले. कारण तिथे गोष्ट आधीपासून पूर्ण होती. चित्रपुस्तकात मात्र आधी पूर्ण असलेली आणि मग चित्रांनी ‘दाखवलेली’ गोष्ट मुळी नसतेच. ‘वाइल्ड थिंग्ज’मधली चित्रे झाकून शब्द वाचावेत, ती एक भोकाभोकांची, अर्धवट रचना आहे, आणि तसे असणे हेच तिचे सामर्थ्य आहे. २००९ मध्ये या पुस्तकावर स्पाइक जोन्झने चित्रपट काढला. सेंडॅकचा त्याला पाठिंबा होता, आणि चित्रपट वाईट नाही. पण त्यात ते प्राणी बोलतात, रुसतात, एकमेकांची समजूत घालतात. आणि खोलीत रान उगवत नाही, मुलगा घरातून पळून जातो. जिथे पुस्तकाने शब्द काढून घेतले होते तिथे पटकथेने ते भरले. काय हरवले ते मोजायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

बेटलहाइम यांनी चित्रे पाहिली नाहीत. पुढच्या पुस्तकाच्या वेळी अनेकांना चित्रांत एकच गोष्ट दिसली. १९७० च्या ‘इन द नाइट किचन’मधला मिकी अंथरुणातून घसरतो, घसरताना त्याचे कपडे गळून पडतात, आणि तो रात्रीच्या भटारखान्यात कणकेत जाऊन पडतो. तीन भटारी त्याला भट्टीत घालतात; तो बाहेर उडी मारतो, कणकेचे विमान करतो, दुधाच्या प्रचंड बाटलीत बुडी मारतो आणि परत अंथरुणात येतो. मूल नागडे दाखवले म्हणून ओरड झाली. लुइझियाना राज्यातल्या एका ग्रंथपालाने रंग घेऊन मिकीला लंगोट चढवला, आणि हा उपाय इतरांनाही सोयीचा वाटला. १९७२ मध्ये नॉर्डस्ट्रॉम यांनी शेकडो ग्रंथपाल, लेखक आणि प्राध्यापकांच्या सह्यांचे निषेधपत्रक काढले. तरी १९९० च्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या अमेरिकी यादीत हे पुस्तक होतेच. नैतिकतेचा वाद बाजूला ठेवू. या पुस्तकातली सगळी हालचाल अंगावरच्या थरांची आहे. कपडे जातात, कणीक चढते, दुधात कणीक विरघळते, उघडे अंग उरते. या क्रमात लंगोट घालणे म्हणजे कवितेतले एक यमक खोडून तिथे सुविचार लिहिण्यासारखे आहे. ज्यांनी चित्र पाहिलेच नाही आणि ज्यांना चित्रात एवढेच दिसले, त्या दोघांनीही पुस्तक वाचलेले नाही.

तिसरा एक वर्ग आहे, आणि तो आपल्या जवळचा, विद्यापीठीय आहे. हे लोक चित्रांकडे पाहतात, पण पुरावा म्हणून. त्या तीन भटाऱ्यांच्या मिशा हिटलरसारख्या आहेत, भट्टी आहे, आणि सेंडॅकच्या वडिलांचे पोलंडमध्ये राहिलेले नातलग ज्यूंच्या संहारात मारले गेले होते; झाला लेख तयार. रानटी प्राणी म्हणजे रविवारी जेवायला येणारे, वेड्यावाकड्या दातांचे आणि मुलाला खाऊन टाकण्याची लाडिक धमकी देणारे नातेवाईक, असे सेंडॅकनेच सांगितले होते, झाला दुसरा. १९३२ मध्ये लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण आणि खून झाला, त्या बातमीने लहानग्या सेंडॅकला पछाडले होते, म्हणून १९८१ चे ‘आउटसाइड ओव्हर देअर’. यातले काहीही खोटे नाही. तो स्वतः हे सारे मोकळेपणाने सांगत असे, कदाचित जरा जास्तच. पण नातेवाईकांची ही हकिकत ऐकल्यावर मुखपृष्ठावरच्या पेंगणाऱ्या प्राण्याचे डोके बैलाचे आणि पाय माणसाचे का, हे पाहायला कुणी थांबत नाही. पेनच्या बारीक आडव्याउभ्या रेघांच्या जाळीने त्या प्राण्यांना जे वजन आणि ऊब आली आहे, तिच्यामुळे मुलाला त्यांच्या अंगावर चढावेसे वाटते. कोणत्या मामाचे नाक कोणत्या प्राण्याला लावले आहे, याने त्यात काही फरक पडत नाही. चरित्र हेही एक प्रकारचे कथासारच होऊन बसते. मर्ढेकरांच्या बाबतीत आपण ज्या चुकीबद्दल विद्यार्थ्यांना दम देतो, ती चित्रकाराच्या बाबतीत करायला आपल्याला संकोच वाटत नाही.

उतारवयातले त्याचे काम या चरित्रवाद्यांनी विशेष वेठीस धरले आहे. १९९३ चे ‘वी आर ऑल इन द डम्प्स विथ जॅक अँड गाय’ बेघर मुलांना वर्तमानपत्रांच्या आडोशाने वसवते, आणि त्या कागदांवरचे मथळे वाचता येतात. २००३ चे ‘ब्रुंडिबार’ त्याने नाटककार टोनी कुशनरबरोबर केले. मूळ संगीतिका हान्स क्रासा या संगीतकाराची. टेरेझीनच्या छळछावणीत कैदी मुलांनी तिचे पन्नासहून अधिक प्रयोग केले, आणि क्रासा १९४४ मध्ये ऑश्विट्झला मारला गेला. ही दोन पुस्तके मला ‘वाइल्ड थिंग्ज’च्या तोडीची वाटत नाहीत, पाने भरगच्च आहेत, आणि पांढऱ्या जागेवरचा तो जुना विश्वास त्यांत कमी झाला आहे. पण असे म्हणायलाही चित्रेच वाचावी लागतात. विषयाच्या गांभीर्यावर गुण देणाऱ्यांना हा फरक कळणार नाही. ८ मे २०१२ रोजी तो गेला, तेव्हाच्या मृत्युलेखांत बालपणाच्या अंधाराविषयी पुष्कळ होते आणि पानांच्या मांडणीविषयी थोडके.

अमेरिकेत निदान १९३८ पासून चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दरवर्षी पदक दिले जाते. आपल्याकडे साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला, तो लेखकाला. २०१४ चा मराठीसाठीचा पुरस्कार माधुरी पुरंदरे यांना मिळाला याचा आनंदच आहे. त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. ‘राधाचं घर’सारख्या त्यांच्या पुस्तकांत शब्दही त्यांचे आणि चित्रेही त्यांचीच. परंतु त्यांच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते ते पाहावे. भाषेचा सहजपणा, निरीक्षण, उपदेशाचा अभाव. सगळे बरोबर, आणि सगळे शब्दांविषयी. त्यांच्या घरांतला पसारा, माणसांचे बसणे-उठणे, पानावरची मोकळी जागा यांविषयी कुणी दोन परिच्छेद सलग लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एकाच व्यक्तीने दोन्ही केले तरी आपण तिचा अर्धाच हात वाचतो. मग जिथे चित्रकार वेगळा असतो तिथे त्याचे नाव आतल्या पानावरच्या बारीक टायपातून बाहेर कसे येणार?

यावर उत्तर ठरलेले असते: आम्ही साहित्याचे लोक, चित्रकलेत आम्हाला गती नाही. नाटक शिकवताना हे कुणी म्हणत नाही. तिथे रंगसूचना वाचल्या जातात, नेपथ्याचा विचार होतो, विराम मोजले जातात, आणि त्यासाठी कुणी नेपथ्यकाराची पदवी मागत नाही. लेसिंगने १७६६ मध्ये चित्राला अवकाशाची आणि काव्याला काळाची कला ठरवले, हे सौंदर्यशास्त्राच्या तासाला सांगितले जाते. पान उलटण्याच्या क्रियेने चित्राला काळ देणारा हा प्रकार त्याच तासाला पुढे ठेवला, तर लेसिंग कुठे तोकडा पडतो तेही विद्यार्थ्यांना दिसेल. वर्गात ‘वाइल्ड थिंग्ज’ची एक प्रत न्यावी. शब्दांवर कागदाची पट्टी धरावी. चाळीसेक पाने आहेत, एकेक उलटावे, आणि प्रत्येक पानाला विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की पांढरी जागा वाढली की कमी झाली. पाऊण तासात होते. मग पट्टी काढून शब्द वाचावेत, आणि त्यानंतर बेटलहाइम यांचे मत फळ्यावर लिहावे.